तपकिरी गवताची बाजू

गोल्फचं नाव काढलं की या ब्लॉगचे निम्मे वाचक पहिल्याच परिच्छेदात पळ काढतात, हे मला अनुभवानं ठाऊक आहे. (पुण्याच्या आत्यानं तर मागे स्पष्टच विचारलं होतं, "त्या चेंडूमागे पाच-सहा मैल चालण्यापेक्षा नुसतंच का चालत नाहीस?") म्हणून आधीच सांगतो, आज स्कोअर, स्विंग वगैरे काही नाही. आज गवताबद्दल लिहायचंय. आणि गवत म्हटलं की त्यात पाणी आलं, शेती आली, गणपतीच्या दूर्वा आल्या आणि बाजरीची भाकरीसुद्धा आली. तेव्हा जरा दमानं घ्या :)

तर झालंय असं. आमच्या इथल्या, म्हणजे नॉर्थ कॅरोलिनात रॅलेजवळच्या एका सार्वजनिक गोल्फ कोर्सवर सध्या एक अर्ज फिरतोय. कोर्सचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अर्जाचा मथितार्थ असा, की ऑगस्टमध्ये ग्रीन्सवर तपकिरी चट्टे पडले, एका ग्रीनला तर मधोमध टक्कलच पडलं, चेंडू पूर्वीसारखा पळत नाही, वार्षिक पासाचे पैसे मात्र पूर्ण घेता. तेव्हा मैदानाची देखभाल बघणारा सुपरिंटेंडंट बदला. सत्तावीस जणांनी सह्या केल्यात. त्यातले चार-पाच माझे नेहमीचे सोबती आहेत, माणसं चांगली आहेत. मी सही केली नाही. का नाही केली, हे पार्किंगमध्ये उभ्याउभ्या सांगता येण्यासारखं नव्हतं. म्हणून हा प्रपंच.

माझं म्हणणं थोडक्यात सांगायचं तर, भर उन्हाळ्यात गोल्फचं गवत वाचवण्याचा मुख्य उपाय म्हणजे त्याच्याकडून कमी मागणं. पाणी, औषधं, पंखे हे सगळं त्याच्यानंतर येतं. आणि कमी मागण्याचं काम सुपरिंटेंडंटच्या हातात नसतं, ते आपल्या म्हणजे खेळणाऱ्यांच्या हातात असतं.

ज्यांनी गोल्फ कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ज्या गुळगुळीत हिरव्या तुकड्यावर ते भोक आणि झेंडा असतो, त्याला ग्रीन म्हणतात. तिथलं गवत रोज कापतात आणि साधारण तीन मिलिमीटरवर ठेवतात. तीन मिलिमीटर म्हणजे चार क्रेडिट कार्डं एकावर एक ठेवली की होते तेवढी उंची. घरासमोरचं लॉन आपण दोन-तीन इंचावर ठेवतो. म्हणजे एवढ्याशा पात्यावर त्या बिचाऱ्यानं स्वयंपाक करायचा, मुळं पोसायची, शेकडो बुटांखाली चिरडून घ्यायचं आणि वर सुंदरही दिसायचं.

आमच्याकडे ग्रीन्सवर बेंटग्रास आहे. हे थंड हवेतलं गवत. त्याच्या पात्यांना १५ ते २४ अंश सेल्सिअस हवा मानवते आणि मुळांना १० ते १८ अंशांची जमीन. आमच्याकडे जुलैत दुपारी ३२-३३ अंश असतात आणि रात्रीसुद्धा पारा २१-२२च्या खाली उतरायला तयार नसतो. अमेरिकेच्या नकाशावर मध्ये एक असा आडवा पट्टा आहे, जिथे उन्हाळा थंड हवेच्या गवताला सोसत नाही आणि हिवाळा उष्ण हवेच्या गवताला सोसत नाही. गवतवाले त्याला 'ट्रांझिशन झोन' म्हणतात. आम्ही त्या पट्ट्यात राहतो. थोडक्यात, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी!

उन्हाळ्यात या गवताचं नेमकं काय बिघडतं ते समजून घेण्यासारखं आहे. गहू आणि भात यांच्यासारखंच बेंटग्रास 'सी-३' गटातलं. या गटातल्या वनस्पतींची उकाड्यात एक गोची होते. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारं जे एन्झाइम त्यांच्यात असतं, ते तापमान वाढलं की ऑक्सिजनच जास्त पकडायला लागतं. त्यामुळे अन्न कमी तयार होतं. श्वसनाचा खर्च मात्र उष्णतेबरोबर वाढत जातो आणि तो रात्रीही चालू असतो. म्हणजे पगार कापलेला आणि घरखर्च वाढलेला. मग वसंतात साठवलेली शिल्लक मोडून खायची. शिल्लक संपत आली की गवत आधी मुळांवरचा खर्च कमी करतं. मे महिन्यात पाच-सहा इंच खोल गेलेली मुळं ऑगस्टपर्यंत इंच-दीड इंचावर आलेली असतात. वरून ग्रीन हिरवं दिसतं, पण खाली पाया उरलेला नसतो.

आता यात आपण काय भर घालतो? आपल्याला चेंडू वेगानं पळायला हवा असतो. त्यासाठी गवत आणखी खाली कापायला लावतो. पातं हे गवताचं स्वयंपाकघर. कमाई आधीच घटलेली असताना आपण स्वयंपाकघरच छाटतो.

आणि मग चट्टा दिसला की सगळे ओरडतात, "पाणी मारा, पाणी मारा!" सह्यांच्या अर्जातही ही ओळ आहे की 'पुरेसं पाणी दिलं गेलं नाही'. माझ्या मते अर्जातलं हे सगळ्यात चुकीचं वाक्य आहे. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या किंवा वाळूतल्या बारीक पोकळ्या पाण्यानं भरून गेल्या की तिथला ऑक्सिजन संपतो आणि मुळं गुदमरतात. शिवाय ओली जमीन तापली की लवकर निवत नाही. अशा ग्रीनवर गवत पाण्यात उभं असूनही कोमेजतं, कारण मुळांना ते पाणी ओढताच येत नाही. कुंडीतली तुळस कोमेजली म्हणून तिला दिवसातून तीनदा पाणी घालून मारणारी मंडळी आपल्या प्रत्येकाच्या घरात असतात. इथे तेच मोठ्या प्रमाणावर होतं.

जाणकार सुपरिंटेंडंट काय करतो? तो मातीत सुया खुपसून ओलावा मोजतो आणि जिथे कमी असेल तेवढ्याच भागाला हातातल्या नळीनं पाणी देतो. एका ग्रीनची उंचवट्याची बाजू कोरडी असते, खोलगट बाजू ओली असते. स्वयंचलित फवाऱ्याला हा फरक कळत नाही, माणसाला कळतो. भर दुपारी तो पात्यांवर अगदी हलका शिडकावा मारतो. तो मुळांसाठी नसतोच. अंगावरचा घाम वाळताना जसा गारवा वाटतो, तसं पात्यावरचं पाणी उडून जाताना पातं थोडं निवतं. पण हवा दमट असली तर घाम वाळत नाही, तसंच पाणीही लवकर उडत नाही. म्हणून झाडांच्या कोंडाळ्यात सापडलेल्या ग्रीन्सच्या कडेला मोठाले पंखे लावतात. (आमच्या आठव्या ग्रीनजवळ असा एक पंखा आहे. लग्नाच्या मांडवात लावतात त्याहून मोठा. त्याचा आवाज येतो म्हणूनही लोकांची तक्रार असतेच.)

दमट उकाड्याची दुसरी देणगी म्हणजे रोग. दिवसा ३० अंशांच्या वर, रात्री २०च्या वर आणि पात्यांवर तासन्‌तास ओल, एवढं जमून आलं की पिथियम नावाचा बुरशीसारखा जीव जागा होतो. पहाटे दवात कापसाचे तंतू पसरल्यासारखे दिसतात आणि एक-दोन रात्रींत अख्खा पट्टा लोळतो. कापणीच्या यंत्राच्या चाकांबरोबर आणि वाहत्या पाण्याबरोबर तो पसरतो. म्हणून पहाटे दव झाडून टाकायचं, ओल्या ग्रीनवर यंत्र न्यायचं नाही, रोग दिसला तर त्या दिवशी ते ग्रीन कापायचंच नाही. यातली प्रत्येक गोष्ट आपल्याला खेळताना 'गैरसोय' वाटते.

आणि सगळ्यात मोठा उपाय कोणता, तर कापणीची पट्टी अर्धा मिलिमीटर वर घेणं. एवढंच! तीनचे साडेतीन मिलिमीटर. काही दिवस कापण्याऐवजी नुसता हलका रोलर फिरवणं. त्यानं पात्याला श्वास घ्यायला जागा मिळते. किंमत एवढीच की चेंडू थोडा हळू पळतो. आमच्या सुपरिंटेंडंटनं जुलैत हे करायचं ठरवलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात 'ग्रीन्स स्लो झालीत' म्हणून तक्रारी गेल्या आणि वरून फोन आल्यावर त्याला पट्टी पुन्हा खाली घ्यावी लागली. हे मला तिथल्याच एका कर्मचाऱ्यानं सांगितलं. मग ऑगस्टमध्ये टक्कल पडलं. आता ज्यांनी जुलैत तक्रार केली, त्यातल्याच काहींच्या सह्या ऑगस्टच्या अर्जावर आहेत. याला काय म्हणावं?

वेगाचं हे वेड आलं कुठून? ग्रीनचा वेग मोजायला स्टिंपमीटर नावाची एक साधी पट्टी असते. तिला खोबण असते. ठरावीक कोनात उचलली की चेंडू घरंगळतो, आणि तो किती फूट गेला ते मोजायचं. एडवर्ड स्टिंपसन नावाच्या गृहस्थांनी १९३५च्या यूएस ओपननंतर ती बनवली. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं १९७८मध्ये ती सुपरिंटेंडंट लोकांच्या हातात दिली. हेतू असा, की एकाच मैदानावरच्या अठरा ग्रीन्सचा वेग सारखा ठेवता यावा. त्या वेळी देशभरातल्या मैदानांवर मोजलेली सरासरी साडेसहा फुटांच्या आसपास होती. आज साध्या सार्वजनिक कोर्सवरही कुणी दहाच्या खालचा आकडा सांगितला तर लोक नाक मुरडतात. घरातलं थर्मामीटर ताप बघायला आणावं आणि शेजाऱ्याशी 'आमच्याकडे जास्त' अशी पैज लावावी, तसं त्या पट्टीचं झालंय.

दुसरा गुन्हेगार आपला टीव्ही. एप्रिलमध्ये ऑगस्टा नॅशनलवर मास्टर्स स्पर्धा होते, ती बघून डोळे निवतात. तिथल्या ग्रीन्सवरही बेंटग्रासच आहे, १९८१च्या स्पर्धेपासून. पण मंडळी, एप्रिल हा जॉर्जियात बेंटग्रासचा सुखाचा महिना! आणि मे अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत तो क्लब चक्क बंद असतो. जमिनीखाली नळ्या टाकून ग्रीन्समधली ओल आणि हवा खेचून घेणारी यंत्रणा त्यांच्याकडे आहे. एवढी श्रीमंती असूनही ते लोक उन्हाळ्यात गवतावर कुणाला खेळू देत नाहीत. आणि आपण एप्रिलमध्ये टीव्हीवर पाहिलेलं गवत ऑगस्टमध्ये आपल्या गावच्या कोर्सवर मागतो, तेही रोज दीड-दोनशे माणसं त्यावरून चालवून.

पैशानं उन्हाळा विकत घेता येत नाही, याचं उदाहरणही जॉर्जियातलंच आहे. २००७चा ऑगस्ट अटलांटात भयंकर होता, पारा ४० अंशांपर्यंत गेला. सप्टेंबरात तिथल्या ईस्ट लेक क्लबवर टूर चॅम्पियनशिप, म्हणजे मोसमातली शेवटची मोठी स्पर्धा होती. बेंटग्रासची ग्रीन्स इतकी आजारी पडली की प्रो-ॲम रद्द करावी लागली आणि खेळाडूंच्या सरावावर बंधनं आली. जगातली उत्तम माणसं, हवा तेवढा पैसा, सगळं असून ही गत. पुढच्याच वर्षी, २००८मध्ये क्लबनं बेंटग्रास काढून मिनीव्हर्डे नावाचं बर्म्युडा गवत लावलं. दक्षिणेतल्या कितीतरी क्लबांनी नंतर तोच रस्ता धरला. आमच्यापासून सव्वा तासावरच्या पाइनहर्स्टच्या प्रसिद्ध दोन नंबरच्या कोर्सनंही २०१४च्या यूएस ओपननंतर ग्रीन्सवरचं बेंट काढून बर्म्युडा लावलं.

आता गंमत बघा. हे बर्म्युडा गवत म्हणजे कोण? आपली हरळी! गणपतीला वाहतो त्या दूर्वा. शेतकरी जी काढून काढून दमतो आणि जी पुन्हा उगवतेच, ती. ग्रीनवरच्या जाती संकरित आहेत, त्यांचं एक मूळ हरळीत आणि दुसरं आफ्रिकेतल्या एका भाऊबंद गवतात. ऊस, मका, ज्वारी, बाजरी यांच्याप्रमाणे हरळी 'सी-४' गटातली. उन्हात कार्बन डायऑक्साइड गाठोड्यात बांधून एन्झाइमपर्यंत पोचवायची युक्ती तिला साधलेली आहे, त्यामुळे ऑक्सिजनचा घोळ होत नाही. ज्या उन्हात बेंटग्रास शिल्लक मोडून खातं, त्याच ३०-३५ अंशांत हरळी मजेत वाढते.

तिला ग्रीनवर आणण्याचं बरंचसं श्रेय ग्लेन बर्टन या शास्त्रज्ञाला जातं. हा माणूस १९३६पासून जॉर्जियातल्या टिफ्टन या छोट्या गावातल्या शेती संशोधन केंद्रात होता. आधी त्यांनी गुरांच्या चाऱ्यासाठी हरळी सुधारली, मग गोल्फसाठी. टिफग्रीन १९५६मध्ये आलं, टिफड्वार्फ १९६५मध्ये. आज वापरात असलेल्या अतिबुटक्या जातींपैकी बऱ्याचशा याच वंशातल्या. आणि याच बर्टन यांनी त्याच टिफ्टनमध्ये बाजरीचा 'टिफ्ट २३ ए' हा नरवंध्य वाण तयार केला. तो भारतात आला आणि लुधियानाच्या शास्त्रज्ञांनी त्याच्यापासून एचबी-१ हा आपला पहिला संकरित बाजरीचा वाण १९६५मध्ये बाहेर काढला. म्हणजे अमेरिकेतल्या श्रीमंतांची ग्रीन्स आणि आपल्या दुष्काळी भागातली भाकरी यांच्यामागे एकच माणूस आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ त्याच विचारात होतो.

अर्थात हरळी लावली की सगळे प्रश्न सुटले असंही नाही. तिला भरपूर ऊन लागतं, म्हणून ग्रीनशेजारची जुनी झाडं तोडावी लागतात, त्याचं मला वाईट वाटतं. हिवाळ्यात ती पिवळी पडून झोपते आणि कडाक्याच्या थंडीत तिला चादरी पांघरायला लागतात. सगळीकडे एकाच वंशाचं गवत लावण्यातला धोकाही आहे. बाजरीचंच बघा ना. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ते नवे संकरित वाण गोसावी रोगानं झोपले, कारण शेतंच्या शेतं एकाच मादी वाणावर उभी होती. तरीही आमच्या पट्ट्यात, जिथे ऊन पुरेसं आहे तिथे, टप्प्याटप्प्यानं हरळीकडे वळणं मला शहाणपणाचं वाटतं. उन्हाळ्यातल्या रात्री दिवसांपेक्षा वेगानं तापत चालल्यात आणि बेंटग्रासला सगळ्यात जास्त मारतात त्या रात्रीच. पण हा निर्णय पैशाचा आहे, तो कमिटीनं घ्यायचा असतो. सुपरिंटेंडंट बदलून गवताची जात बदलत नाही.

इथपर्यंत वाचून आमचे लातूरचे मामा नक्की म्हणणार (ते ब्लॉगवर अभिप्राय लिहीत नाहीत, थेट फोन करतात), "अरे, पण मुळात खेळासाठी गवताला पाणी घालायचंच कशाला?" मामा, तुमचा हा प्रश्न मी उडवून लावणार नाही. १२ एप्रिल २०१६ला मिरजेहून पाण्याची पहिली गाडी लातूरला पोहोचली आणि दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयानं एप्रिल अखेरनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितलं. त्या वेळी माझे क्रिकेटवेडे मित्र चिडले होते, 'मैदानाला लागतं ते पाणी किती, त्यानं काय लातूरची तहान भागणार का' म्हणत होते. हिशेब कदाचित बरोबर असेल. पण हंड्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हिरवं मैदान दाखवायचं नसतं, ही साधी रीत आहे.

इथेही तो प्रश्न येतोच. २००७-०८चा दुष्काळ आमच्या भागातले लोक अजून विसरलेले नाहीत. शेजारच्या जॉर्जियात तर गव्हर्नरनी नोव्हेंबर २००७मध्ये विधिमंडळाच्या इमारतीसमोर पावसासाठी प्रार्थनासभा घेतली होती. (आपल्याकडे धोंडी काढतात, तसंच म्हणायचं.) फ्रान्समध्ये २०२२च्या ऑगस्टमध्ये पाणीबंदीतून गोल्फच्या ग्रीन्सना सूट मिळाली, तेव्हा तुलूजजवळच्या दोन कोर्सवर आंदोलकांनी रात्रीत भोकांमध्ये सिमेंट भरलं. गोल्फवाल्यांचं म्हणणं होतं की उन्हाळ्यात पाणी पूर्ण तोडलं तर ग्रीन तीन दिवसांत मरतं. ते खरं आहे. आणि आंदोलकांचा रागही मला कळतो.

मला यातून दिसणारा मार्ग असा. अठरा भोकांच्या कोर्सचा पसारा शंभर-सव्वाशे एकरांचा किंवा त्याहूनही मोठा असतो, पण त्यात अठरा ग्रीन्स मिळून जागा भरते जेमतेम अडीच-तीन एकर. पाणी पिणारा मोठा भाग म्हणजे बाकीचे फेअरवे आणि रफ, जिथे गवत नुसतं हिरवं दिसावं म्हणून भिजवलं जातं. दुष्काळात ग्रीन्स जगवावीत, हातात नळी धरून, मोजून. बाकी सगळं खुशाल वाळू द्यावं. पाइनहर्स्टनं २०१०-११मध्ये हेच केलं. भिजवलेलं रफ खरवडून काढलं, मूळची वाळू आणि रानगवत परत आणलं, साडेअकराशेच्या आसपास असलेले फवारे साडेचारशेपर्यंत खाली आणले. २०१४ची यूएस ओपन तिथे झाली तेव्हा टीव्हीवर कडेचं तपकिरी गवत बघून कित्येकांनी नाकं मुरडली. पण खेळ झाला, आणि उत्तम झाला.

खेळाचा मूळ गावच मुळी तपकिरी आहे. स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या वाळूवर वाढलेलं ते बारीक गवत कोरड्या उन्हाळ्यात वाळायचं आणि पावसात पुन्हा फुटायचं. २००६च्या कडक जुलैमध्ये इंग्लंडात हॉयलेकला ओपन झाली, तेव्हा मैदान बिस्किटासारखं भाजून निघालं होतं. चेंडू पडल्यावर इतका पळत होता की टायगर वुड्सनं चार दिवसांत ड्रायव्हर एकदाच वापरला, आणि तो जिंकला. तपकिरी मैदानानं त्याला जास्त विचार करायला लावला, असं मी म्हणेन. आपण शनिवारी सकाळी खेळणारी माणसं, आपल्याला थोडा विचार करावा लागला तर काय बिघडलं?

राहता राहिला तो माणूस, ज्याला काढा म्हणून अर्ज आहे. ऑगस्टमध्ये तो आणि त्याची माणसं पहाटे पाचच्या आधी मैदानावर असतात, कारण आपण सातला खेळायला येतो. त्यातले बरेचसे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले आहेत. ज्या दुपारी आपण 'फार गरम होतंय' म्हणून बारा भोकांनंतर घरी जातो, त्याच दुपारी ते खांद्यावर नळी घेऊन एका ग्रीनवरून दुसऱ्या ग्रीनवर जात असतात. त्याला काढलं तर नवा येईल. तो दबावाखाली पट्टी खालीच ठेवेल, पाणी जास्त मारेल, म्हणजे जूनपर्यंत सगळं छान हिरवं दिसेल. पुढचा ऑगस्ट आला की पुन्हा अर्ज. अशा नोकरीत हुशार माणूस टिकत नाही. आणि ग्रीन पुन्हा लावायचं म्हणजे महिनोन्‌महिने कोर्स बंद. त्याचा खर्च पासाच्या किमतीतूनच वसूल होणार.

त्यामुळे मी सह्यांच्या अर्जाऐवजी कमिटीला एक वेगळं पत्र लिहिलंय. त्यात तीन गोष्टी मागितल्यात. जून ते सप्टेंबर कापणीची उंची फक्त सुपरिंटेंडंटनं ठरवावी, कुणाच्या तक्रारीवरून ती बदलू नये. सलग उष्ण रात्री आल्या की रोजच्या खेळाडूंची संख्या कमी करावी किंवा आठवड्यातून एक दिवस कोर्स बंद ठेवावा. आणि सावली नसलेल्या तीन ग्रीन्सवर हरळी लावून दोन वर्षं बघावं. पत्राखाली सध्या चारच सह्या आहेत, त्यातली एक आमच्या सौभाग्यवतींची, ज्या गोल्फ खेळत नाहीत :)

तुमच्यापैकी जे अमेरिकेत किंवा इतरत्र खेळतात, त्यांना एवढीच विनंती. पुढच्या उन्हाळ्यात ग्रीन हळू वाटलं तर पट जरा जोरात मारा. ग्रीनवर चेंडू पडून खड्डा झाला तर तो तिथल्या तिथे नीट बुजवा. वसंतात असा व्रण पटकन भरून येतो, ऑगस्टमध्ये बेंटग्रासला त्याला कितीतरी जास्त वेळ लागतो. आणि नळी घेतलेला माणूस दिसला तर त्याचं काम होईपर्यंत दोन मिनिटं थांबा. चेंडू कुठे पळून जात नाही.